आत्याबाईंचा बिब्बा आणि माझा ताप

आमच्याकडे कोणाला ताप आला की पहिला प्रश्न असतो, "इंजेक्शन घेतलं का?" आणि दुसरा, "हाय पावरचं घेतलं का?" मी इतकी वर्षं पोरांना गणित शिकवते, पण माझ्याही डोक्यात हेच पक्कं बसलं होतं. औषधं म्हणजे एका रांगेत उभे केलेले पैलवान. लहान हरला की त्याच्याहून मोठा बोलवायचा. गेल्या दसऱ्याच्या सुमाराला मी जवळजवळ गेलेच होते, आणि परत आले ती एका साध्या कॅप्सूलमुळे. माझ्या त्या रांगेत ही कॅप्सूल पार शेवटी, भिंतीला टेकून उभी असती.

हे लिहायला दोन कारणं आहेत. एक म्हणजे हा ताप आमच्या भागात येतो आणि पटकन ओळखू येत नाही. दुसरं कारण माझ्या सासूबाई. त्यांच्याबद्दल गावात जे बोललं गेलं ते मला खोडायचं आहे, आणि मास्तरणीची खोड अशी की खोडायचं तर लिहूनच खोडायचं.

गवतात

मी आदिलाबादकडच्या नेरडीगोंडा मंडलातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, एका गावात राहते. शाळा तेलुगू माध्यमाची, घर मराठी. नवरा विलास तहसील कचेरीत क्लार्क आहे, मुलगी प्रज्ञा नववीत. आणि आत्याबाई. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. त्यांचा जन्म दुसऱ्यांच्या शेतात निंदण करण्यात आणि कापूस वेचण्यात गेला. माझं बी.एड. राहिलं होतं तेव्हा प्रज्ञा अंगावर पीत होती. "तू जाय कुंदा, पोरीले मी पाह्यतो," म्हणून त्यांनी मला आदिलाबादला धाडलं. मी शनिवारी घरी आले की प्रज्ञा मला पाहून भोकाड पसरायची आणि आजीच्या कडेवर चढायची. मला राग यायचा, आत्याबाई हसायच्या. आमचं नातं तेव्हापासून असं आहे, मी चिडते आणि त्या हसतात.

दसऱ्याच्या आधी शाळेत बतुकम्मा असते. मुली फुलांचे थर रचतात आणि त्याभोवती फेर धरून गातात. त्यासाठी गुनुगु लागते, म्हणजे आपला कुरडू, शेताच्या धुऱ्यावर पांढरे-गुलाबी तुरे येतात तो. मी नववी-दहावीच्या मुलींना घेऊन शाळेमागच्या पडीक रानात गेले. गवत कमरेएवढं वाढलं होतं. तुरे तोडून झाल्यावर आम्ही तिथेच गवतात बसून जुड्या बांधल्या. मुली दमल्या होत्या असं मी हेडमास्तरांना सांगितलं, खरं तर दमले होते मी.

बतुकम्मा सुंदर झाली. पुढचे काही दिवस मला काहीच झालं नाही, म्हणून त्या गवताचा विचार नंतर कोणाच्याच मनात आला नाही.

टायफॉईड

सुरुवात डोक्यापासून झाली. डोळ्यांच्या मागे ठणका, आणि कंबर इतकी धरली की फळ्यावर लिहिताना मी एका हाताने टेबल पकडून उभी होते. घरी आले तशी आडवी झाले. आत्याबाईंनी कंबर दाबली आणि बिब्बा काढला.

बिब्बा आमच्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही, पण शहरातले वाचणारेही असतील. हे जंगलातल्या झाडाचं काळं फळ. सुईला टोचून दिव्यावर धरलं की त्यातून काळं तेल सुटतं. ते दुखऱ्या जागी फुलीसारखं लावायचं आणि वरून चुना फासायचा. आत्याबाई त्यात नावाजलेल्या. कोणाचा पाय मुरगळला, कोणाची पाठ धरली, की बाया त्यांच्याकडे येत. त्यांनी माझ्या कमरेवर, उजव्या अंगाला, फुली काढली. "उतला त सांग वो," म्हणाल्या. बिब्बा कधीकधी उततो, म्हणजे कातडी सोलते, फोड येतात, आग आग होते.

दोन दिवसांनी त्या मला साडी बदलायला मदत करत होत्या. फुलीच्या शेजारी, परकराच्या नाडीखाली, एक काळी गोल खपली दिसली. भोवती लालसर कडं.

"उतला माय," आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"दुखून नाई राह्यलं, जाऊ द्या ना," मी म्हटलं. तोवर ताप इतका चढला होता की कंबर कोणाची आणि खपली कोणाची याची मला पर्वा नव्हती.

विलासने मला इचोड्याला एका खासगी दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, टायफॉईड निघाला. खरं सांगते, ऐकून बरं वाटलं. नाव कळलं की अर्धा आजार गेल्यासारखं वाटतं. त्या डॉक्टरांना मी आजही दोष देत नाही. तपासणीत टायफॉईडची खूण आली होती, ताप तसाच होता, आणि बहुतेकांना जे लागू पडतं ते त्यांनी दिलं. सलाईनमधून इंजेक्शन सुरू झालं. ताप हटला नाही, मग दुसरं जोडलं. तरी हटला नाही, मग तिसरं. विलास रोज विचारायचा, "साहेब, याच्याहून पावरचं हाय का?" आणि दर वेळी ते असायचं.

दसऱ्याला आम्ही दरवर्षी नागपूरला जातो. या वेळी आमच्या गल्लीतली जीप आमच्याशिवाय गेली. आत्याबाई माझ्या उशाशी बसून राहिल्या. नर्स माझे कपडे बदलायला आली की त्या आडव्या येत. "मी करतो, तुमी जा." नर्सला वाटायचं सासूचा जीव आहे. मलाही तसंच वाटलं, आणि ते खोटं नव्हतं. पण कारण वेगळं होतं. कधीकाळी त्या शेजारच्या बाईला घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या, तेव्हा तिच्या पाठीवरचा बिब्बा पाहून एका डॉक्टराने सगळ्या रांगेसमोर आत्याबाईंना झापलं होतं. 'आधी जाळता आणि मग आमच्याकडे आणता.' ते त्यांच्या मनात रुतून बसलं होतं. म्हणून त्या माझी कंबर कोणाला दिसू देत नव्हत्या.

आदिलाबादला

मग मला धाप लागायला लागली. डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली, रक्तदाब उतरला. सरकारी ॲम्ब्युलन्समधून मला आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. वाटेतलं फार आठवत नाही. पुढच्या ट्रकच्या मागची लाल रिबन आठवते, आणि आत्याबाई माझा पाय धरून बसल्या होत्या ते आठवतं.

भीती वाटली का? वाटली. नुसती नाही, फार वाटली. मरायची तितकी नाही, पण प्रज्ञाची वेणी उद्यापासून कोण घालेल याची. वेणी ती स्वतःच घालते, गेली तीन वर्षं, पण तापात हे कोणाला आठवतं? मी विलासला म्हणाले होते म्हणे, "नववीचे पेपर कपाटात हायेत, तपासून टाका." तेव्हा तो बाहेर जाऊन रडला. हे त्याने मला सांगितलं नाही, प्रज्ञाने सांगितलं.

पुढचं बरंचसं मला दुसऱ्यांच्या तोंडून कळलेलं आहे, कारण मी शुद्धीत अर्धीमुर्धीच होते. आयसीयूत डॉ. श्रावणी म्हणून एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी कागद वाचले, कोणती इंजेक्शनं झाली ते पाहिलं, आणि मग मला डोक्यापासून पाहायला सुरुवात केली. कानामागे, मानेवर, काखेत, छातीखाली, गुडघ्यांच्या मागे. काहीतरी हरवलेलं शोधावं तसं. कमरेपाशी आल्या तेव्हा आत्याबाईंनी माझ्या अंगावरची चादर घट्ट धरली.

"अम्मा, पूरा बदन देखना है," डॉक्टर म्हणाल्या. त्या तेलुगू, आत्याबाई मराठी, म्हणून दोघींची हिंदी.

"उधर कुछ नहीं, बाई."

"अम्मा, छोड़ो."

आत्याबाई सोडेनात. विलास पुढे झाला तशा त्या पलंगापाशी खालीच बसल्या आणि त्यांनी हात जोडले. "मैंने किया, बाई. बिब्बा लगाया मैंने. मेरा बिब्बा उत गया. उसका जहर चढ़ गया उसको."

विलास फार शांत माणूस आहे. कचेरीत लोक दरखास्त घेऊन दहा वेळा आले तरी त्याचा आवाज चढत नाही. त्या दिवशी तो सगळ्यांसमोर ओरडला. "आई, तू मारलं तिले. तुह्या हातानं मारलं."

त्या वाक्याची वळकटी करून आत्याबाईंनी ते स्वतःजवळ ठेवलं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

डॉक्टरांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी चादर बाजूला केली, बॅटरी धरली, फुली पाहिली, तिच्या शेजारची गोल खपली पाहिली. माझ्याशी तेलुगूत बोलल्या. हा एवढा तुकडा मला माझा म्हणून आठवतो.

"इथे आग होते?"

"नाही."

"खाज?"

"नाही."

त्यांनी खपलीच्या कडेला बोटाने दाबलं. "दुखतं?"

"नाही."

"माझी आजीसुद्धा हे लावते," त्या म्हणाल्या, "आम्ही नल्लजीडी म्हणतो. ते उतलं की माणूस बोट लावू देत नाही." आणि त्या हसल्या. मी मरायला टेकले होते आणि ही बाई हसत होती. पण त्या हसण्याने मला धीर आला.

ती खपली बिब्ब्याची नव्हतीच. झुडपांत, उंच गवतात डोळ्यांना दिसणारही नाही एवढा बारीक किडा असतो. त्याचं पिल्लू चावलं की चावल्या जागी सिगारेटचा चटका दिल्यासारखी काळी खपली येते, आणि ती दुखत नाही. चावताना ते एक जंतू आत सोडतं. या तापाला स्क्रब टायफस म्हणतात. नाव टायफॉईडच्या जवळचं, बाकी दोघांचा संबंध नाही. पुढे रक्ताच्या तपासणीतही तेच निघालं, पण डॉक्टर तपासणीसाठी थांबल्या नाहीत. त्याच दिवशी डॉक्सीसायक्लिनची कॅप्सूल सुरू केली. पहिल्या काही उघडून, पाण्यात कालवून, नाकातल्या नळीतून. नंतरच्या मी गिळल्या, आत्याबाईंच्या हातून.

डॉक्टरांनी त्यांना जाताजाता सांगितलं होतं, "अम्मा, तुम कुछ नहीं किया. कीड़ा काटा." आत्याबाईंनी मान हलवली. आम्हाला वाटलं, मिटलं.

भिंत, चूल आणि दोरा

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला घाम सुटला. त्याच्या पुढच्या दिवशी ताप नव्हता. मी डोळे उघडले तर वरचा पंखा गरगर फिरत होता आणि मला भूक लागली होती. भूक लागणं ही इतकी मोठी गोष्ट असते हे मला माहीत नव्हतं. वॉर्डातल्या आयाबाईने स्वतःच्या डब्यातली रागी जावा, म्हणजे नाचणीची आंबील, मला चमच्याने भरवली. तिने ते करायचं काही कारण नव्हतं. मी तिचं नाव विचारलं तर म्हणाली, "आधी पी, नावाचं नंतर पाहू."

थोडी हुशारी आली तशी माझ्यातली मास्तरीण जागी झाली. डॉ. श्रावणी राउंडला आल्या तेव्हा मी विचारलं की एवढी मोठमोठी इंजेक्शनं हरली आणि ही साधी कॅप्सूल जिंकली, हे गणित मला सुटत नाही.

"कारण तुम्ही चुकीचं मोजताय," त्या म्हणाल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. "औषध लहान-मोठं नसतं. कुठे मारतं ते पाहायचं."

त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. चुकलं असेल तर चूक माझी.

बहुतेक जंतू स्वतःभोवती भिंत बांधून राहतात. पेनिसिलिन आणि त्याच्या भाऊबंदांतली औषधं ती भिंत बांधू देत नाहीत. भिंत कच्ची राहिली की जंतू फुटतो. आपल्या शरीरातल्या पेशींना तशी भिंत नसते, म्हणून ही औषधं आपल्याला सोडून त्याला मारतात. पुष्कळ आजारांत डॉक्टर सुरुवात इथूनच करतात, आणि ते बरोबरच असतं. इचोड्याचं माझं पहिलं इंजेक्शन याच घराण्यातलं.

दुसऱ्या प्रकारची औषधं जंतूच्या चुलीवर जातात. जंतूला जगायला, वाढायला जी प्रथिनं लागतात ती तो आतल्या आत बनवतो. ती चूल बंद पाडायची. तिसऱ्या प्रकारची औषधं दोऱ्यावर जातात. एका जंतूचे दोन व्हायचे तर त्याला आपल्या आतल्या लांब दोऱ्याची नक्कल काढावी लागते. ही औषधं तो दोरा गुंतवून टाकतात. आणखी काही औषधं आहेत, ती जंतूचं रेशन तोडतात, म्हणजे त्याला लागणारा एक जिन्नस त्याला तयारच करू देत नाहीत.

"मग माझ्या जंतूचं काय?" मी विचारलं.

"तुमचा जंतू चोर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तो उघड्यावर राहत नाही. तुमच्याच पेशीत शिरून, तुमच्याच घरात दडून बसतो. त्याची स्वतःची भिंत म्हणावी अशी नसतेच. जी भिंत नाही ती पाडणार कशी? दुसरं इंजेक्शन चूल बंद करणारंच होतं, पण त्याला तुमच्या पेशीच्या दारातून नीट आत जाता येत नाही. ते बाहेरच उभं राहिलं. तिसरं दोरा गुंतवणारं. या जंतूचा दोरा सांभाळणारं हत्यारच जन्मापासून वेगळं, त्यात ते औषध अडकत नाही. डॉक्सी दारातून आत जातं आणि चूल बंद करतं. बस."

"म्हणजे लगेच मारत नाही?"

"उपाशी ठेवतं. वाढू देत नाही. उरलेलं काम तुमच्या शरीराने करायचं. म्हणून ताप गेला तरी कॅप्सूल मधेच सोडायची नाही. सोडली की तो पुन्हा चूल पेटवतो."

हे सगळं आम्ही दोघी तेलुगूत बोललो. आत्याबाई शेजारीच स्टुलावर बसून माझ्या पायाला हात न लावता नुसत्या पाहत होत्या. त्यांना तेलुगू बाजारापुरती येते. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

घरी

घरी आल्यावर माझे केस मुठीमुठीने गेले. ओसरीतून न्हाणीपर्यंत जाताना मधे बसावं लागे. शाळेतल्या मुली भेटायला आल्या की रडायच्या आणि मी त्यांना सातचा पाढा म्हणायला लावायचे. प्रज्ञाने भाजीत मीठ दोनदा घातलं तरी विलास मुकाट्याने खाई. ज्यांच्या घरी असा रोगी परत आला असेल त्यांना सांगते, अशक्तपणाची लाज धरू नका. मी धरली आणि न्हाणीत दोनदा पडले. आणि ताप असलेल्या माणसाचं सगळं अंग पाहा, नाडीखालचं, केसांतलं, झाकलेलं. घरगुती काही लावलं असेल तर डॉक्टरला सांगा. ते रागावतील, रागावू द्या. दुकानातून स्वतःच्या मनाने 'पावरचं' काही आणू नका. भिंतीवरचं औषध चुलीला लागत नाही.

हळूहळू मला दिसायला लागलं की आत्याबाई मला शिवत नाहीत. पाण्याचा गिलास देत, पण हातात नाही, खाली ठेवून. माझं अंग दाबायला प्रज्ञाला हाक मारत. आधी वाटलं, आजारात मला कष्टाने सांभाळलं, थकल्या असतील. मग एक दिवस शेजारची रुखमाबाई पाय मुरगळला म्हणून लंगडत आली, बिब्बा लावून मागायला.

"मी आता नाई लावत," आत्याबाई म्हणाल्या.

"काऊन वो?"

"माह्या हातानं वाईट होते."

रुखमाबाईने माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि लंगडत परत गेली. गावात हेच बोललं जात होतं, की सासूने बिब्बा घातला आणि सून मरता मरता वाचली. ते घरापर्यंत आलं होतं आणि घरातल्या माणसाने ते खरं धरलं होतं.

मी विचारलं, "आत्याबाई, डॉक्टरनं सांगतलं ना तुमाले, किडा चावला म्हून?"

"ते पोरगी चांगल्या मनाची हाय," त्या म्हणाल्या. "मले वाईट वाटू नये म्हून बोलली. खरं काय ते विलासनं सांगतलं."

मला राग आला. आजारातून उठल्यावरचा पहिला खणखणीत राग. विलासवर आला, गावावर आला, आणि माझ्यावरही. मी तासभर तेलुगूत भिंती आणि चुली समजून घेतल्या आणि शेजारी बसलेल्या या बाईला तिच्या बोलीत कोणीच काही सांगितलं नव्हतं. मी पोरांशी करते तेच केलं. समोर बसले आणि पायरी पायरीने गेले.

"कॅप्सूल कोन देल्ली मले?"

"आंधी नळीतून नर्सनं. मंग मी."

"ताप कवा उतरला?"

"त्याच्यानंतरच. मी तुह्या कपाळाले हात लावला, त घाम आलता."

"त्याच्या आंधी इतकी इंजेक्शनं झाली. उतरला व्हता?"

"नाई."

"बरं. ते कॅप्सूल काय करते, आयका. जंतू आपल्या अंगात घुसते आन् आपली चूल मांडते. कॅप्सूल त्याची चूल बंद करते. त्याले दुसरं काई येत नाई. जळलेल्या कातड्याले मलम लागते. कॅप्सूल त्याले काईच करत नाई."

ओसरीतलं ऊन आत्याबाईंच्या पायांवर आलं होतं. पाय जवळ घेत त्या म्हणाल्या, "बिब्ब्याले चूल नसते?"

"बिब्ब्याचं तेल हाय, आत्याबाई. तेलाले कुठची चूल."

"मंग गोळीनं बंद कोनाची केली?"

शेवटची ओळ मी पोरांनाही सांगत नाही, ती त्यांची त्यांनी लिहायची असते.

त्यांनी आपले दोन्ही तळहात उघडून मांडीवर ठेवले, आणि ते पाहत म्हणाल्या, "मंग मी नाई मारत व्हती तुले."

"नाई."

"माह्या हातानं नाई झालं."

"नाई, आत्याबाई."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मी जवळ सरकले तर म्हणाल्या, "थांब. विलास येऊ दे."

संध्याकाळी विलास कचेरीतून आला. अजून एक चप्पल पायात होती तेवढ्यात आत्याबाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"पाह्य रे बापू, मी नाई मारलं तिले. माह्या बिब्ब्यानं नाई झालं. कुंदानं सारं समजावून सांगतलं."

विलास उंबऱ्यात तसाच उभा राहिला. "मले मालूम हाय, आई."

"कवापासून?"

"त्याच दिसापासून. डॉक्टरीन बोलली तवापासून."

"मंग इतके दिस मले सांगतलं काऊन नाई?"

विलास तिथेच उंबऱ्यात खाली बसला, आईच्या पायांशी, आणि तोंड लपवून रडायला लागला. आत्याबाई त्याच्याजवळ बसल्या. महिनाभर कोणाच्या अंगाला न लागलेला हात त्यांनी त्याच्या डोक्यावर ठेवला आणि केसांतून फिरवू लागल्या. थोड्या वेळाने दुसरा हात माझ्याकडे केला. मी तो धरला.

"झालं, झालं," त्या म्हणाल्या. "उठा आता. भाकर थंडी होऊन राह्यली."